शंभर माणसांचा टोप

रविवार संध्याकाळ, जोगेश्वरी

अजून हसू येतंय. मुलुंडच्या हॉलमध्ये आज राज्यभरातल्या सामाजिक संस्थांचा मेळावा होता. आमचं गावकरी मंडळही गेलं. आमचं काम काय, तर गाववाल्यांना लग्नाकार्याला मोठी भांडी देणं. फॉर्मवर शिक्षण, आरोग्य, पर्यावरण असे रकाने. मी 'इतर'वर खूण केली, जरा लाजतच. वर 'कामाचा नमुना आणा' अशी सूचना. सगळ्यांनी फोटो आणले. आमचे अध्यक्ष तुकाकाका शंभर माणसांचा टोप रिक्षात घालून घेऊन आले.

"काका, फोटो चालला असता."

"फोटोत भात शिजता काय गो?"

पण हॉलवर नोंदणीला 'इतर'ची रांग जिन्यापर्यंत गेली ना. साप पकडणारे, जुने चष्मे जमवणारे, देशी बियाणं जपणारे, अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे. एवढे येतील असं आयोजकांनाही वाटलं नव्हतं. चहा संपला. मग दुसरा चहा आमच्याच टोपात झाला आणि अख्खी रांग तो प्यायली. मला लाज कसली वाटत होती?

निघताना टोप घासूनपुसून परत मिळाला, झाकण सुतळीने बांधलेलं. घरी येऊन सोडलं. आत वालाच्या बियांची पुरचुंडी, चष्म्याचं घर, साप ओळखायचा तक्ता, पुस्तकाची सीडी. उसनं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्या रांगेत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकांनी आत डोकावून पाहिलं.

"पुढच्या खेपेक मोठो टोप व्हयो," म्हणाले.