चौथी चूक

सर, परवाच्या रविवारी मी तुमची पद्धत पहिल्यांदा वापरली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. नाशिक रोडच्या तुमच्या घरात आता दुसरंच कुटुंब राहतं, त्यामुळे हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. मी बावन्न वर्षांची झाले. तुम्ही शाळेच्या मैदानावर आम्हा मुलींना बास्केटबॉल शिकवत होतात, तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होतात, हे हिशेब करून पाहिलं तरी पटत नाही. मला तुम्ही अजूनही तसेच दिसता. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, आणि चेंडू कुठेही असला तरी नजर खेळाडूंच्या पायांवर.

हल्ली मी सकाळी मेथी निवडता निवडता मोबाइलवर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या मॅच बघते. तिकडे रात्र असते तेव्हा आपली सकाळ. सर, तुम्ही हे बघायला हवं होतं. साडेसहा फुटी माणूस चेंडू घेऊन येतो, समोरच्याने अडवायला हात पुढे केलेला असतो, हा बेमालूमपणे आपला दंड त्या हाताखाली अडकवतो आणि चेंडू वर फेकतो. वर मान अशी मागे झटकतो की मानेचा काटाच मोडला असावा. शिट्टी वाजते, फाउल समोरच्याचा, आणि हा शांतपणे दोन फ्री थ्रो टाकतो. कुणी छातीला नुसता वारा लागला तरी मैदानभर घसरत जातो. तीन-तीन पंच आहेत, शंका आली तर पडद्यावर सगळ्या बाजूंनी, हळूहळू, पुन्हा पुन्हा बघतात. खोटं पडलं म्हणून दंडही करतात. एवढं करून निकाल दिला की अर्धी दुनिया म्हणते, पंच आंधळे आहेत. मला त्या पडणाऱ्यांचा राग यायला हवा. पण खरं सांगते, मी मेथीची काडी हातात धरून थक्क होऊन बघत राहते. केवढी ती कला! आणि मग हटकून तुमची आठवण येते, कारण तुम्ही हे सगळं एका शिट्टीवर आणि दोन डोळ्यांवर निभावत होतात. डोळेही कसले, तुम्हाला तर नुसत्या बुटांच्या आवाजावरून कळायचं कोण घसरलं आणि कुणाला ढकललं. पाठीमागे झालेला फाउल तुम्ही वळायच्या आधी दिलेला मी पाहिला आहे.

पण त्याहून मोठी होती ती तुमची पद्धत. मॅच संपली की दोन्ही संघांना पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर बसवायचं, सगळ्यांत भेळभत्त्याचे पुडे वाटायचे, आणि मग उभं राहून स्वतःच्या चुका सांगायच्या. "आज माझ्या तीन चुका झाल्या," असं तुम्ही म्हणायचात, हजेरी घेतल्यासारखं. ज्या मुलीवर अन्याय झाला तिच्याकडे बघून चूक सांगायची, मग जिचा त्यात फायदा झाला तिच्याकडे बघायचं, आणि पुढच्या चुकीकडे वळायचं. "सात नंबर, तुझा चेंडू रेषेच्या आतच होता. अकरा नंबर, तुला तो फुकट मिळाला." दुसऱ्या शाळांचे सर हसायचे. म्हणायचे, पंचानेच असं सांगत बसलं तर उद्या कोण विचारणार त्याला? झालं मात्र उलटंच. जिल्ह्यात कुठेही पंच कमी पडला की तुम्हालाच बोलावणं यायचं.

म्हणूनच त्या दिवशी तसं घडलं. आमची सटाण्याच्या शाळेशी जिल्ह्याची अंतिम मॅच, आणि नेमलेले दोन्ही पंच आलेच नाहीत. तुम्ही आमचे सर, आमच्याच मॅचला शिट्टी कशी वाजवणार? तुम्ही नकोच म्हणालात. तेव्हा सटाण्याचे सर पुढे आले, "आपला भरोसा तुमनावर शे, सर. तुम्हीच वाजवा," म्हणाले आणि स्वतः तुमच्या हातात चेंडू दिला. माझ्या डोळ्यांसमोर दिला.

आता मला पंधरा दिवस मागे जायला हवं. सटाण्याच्या संघात एक उंच मुलगी होती, तिच्या हातात चेंडू गेला की आम्ही नुसत्या बघत बसायचो. तिला थांबवायचा एकच उपाय मला सुचला होता. चेंडू घेऊन धावणाऱ्याने जागेवर उभ्या असलेल्याला धडक दिली, तर फाउल धावणाऱ्याचा, हे तुम्हीच शिकवलं होतं. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हेही. मग धडक लागायच्या आधीच आपण पडलो तर? मखमलाबादला आमचे झेंडूचे वाफे होते. नुकतीच कुदळलेली माती भुसभुशीत असायची. शाळेतून आले की मी वाफ्याच्या कडेला उभी राहायचे, समोर ती मुलगी धावत येते आहे असं धरायचे, आणि हात हवेत उडवून पाठीवर पडायचे. आधी कंबर टेकवायची, मग पाठ, डोकं वर. आई फुलं तोडता तोडता ओरडायची, "वाफ्यात काय लोळती गं? म्हैस हाये का तू? एक झाड मोडलं ना, तंगडी मोडून हातात देईन!" मी म्हणायचे, "सरांनी सांगितलाय व्यायाम." तुमचं नाव घेतलं की आई गप्प बसायची. तर तुमच्या नावावर माझं पहिलं खोटं ते.

मॅचची शेवटची दोन मिनिटं. आम्ही एका गुणाने पुढे. त्या मुलीचे चार फाउल झालेले. ती चेंडू घेऊन माझ्याकडे येते आहे, मी पाय रोवून उभी आहे, तिचा खांदा अजून वीतभर लांब आहे, आणि मी पडते. सर, काय पडले मी! तिने फेकलेला चेंडू जाळीतून खाली येतो तेवढ्यात तुमची शिट्टी वाजते. बास्केट रद्द, तिचा पाचवा फाउल, ती बाहेर. मी जमिनीवरूनच मान वळवून तुमच्याकडे बघितलं. आपली नजरानजर झाली. तुमचा हात फाउल दाखवायला वर गेलेला होता, आणि तो एक क्षणभर तसाच राहिला. एकदा वाजलेली शिट्टी मागे घ्यायची नाही हा तुमचाच नियम. आम्ही त्या एका गुणाने जिंकलो.

टाकीजवळ मी तोंड धूत होते तर ती मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं भांडणार. ती म्हणाली, "तुले लागनं का?" खरंच काळजीने विचारत होती. मी कोपर धरून म्हणाले, "थोडंसं." तिने आपला ओला रुमाल मला दिला आणि ती गेली.

मग ओटा, मग भत्ता. तुम्ही म्हणालात, "आज माझ्या चार चुका झाल्या." पहिल्या तीन किरकोळ होत्या. चौथीला तुम्ही त्या मुलीकडे वळलात. "बाळ, तुझा पाचवा फाउल नव्हता. तुझी बास्केट खरी होती. शिट्टी मी वाजवली, चूक माझी आहे." ओट्यावर कुणी चावतसुद्धा नव्हतं. आता पद्धतीप्रमाणे तुम्ही माझ्याकडे बघणार म्हणून मी मान खाली घातली आणि बुटाची नाडी सोडली. बांधली. पुन्हा सोडली. शेवटी न राहवून वर बघितलं, तर तुम्ही टाकीकडे बघत होतात. वर, जिथून पाणी ठिबकायचं तिथे. माझ्याकडे तुमची नजर आलीच नाही. मला वाटलं, सुटले! सरांना वाटतंय त्यांचा अंदाज चुकला. मी खोटं पडले हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मी लांबून बघितलं. सटाण्याचे सर लाल होऊन म्हणाले, "मग निकाल बदला!" निकाल काही बदलता येत नव्हता. स्पर्धा भरवणारे तुमच्यावरच उखडले, मॅच संपल्यावर असं कुणी बोलतं का म्हणून. आपल्याच शाळेला जिंकवलं, हे तर गावभर झालं. तुम्ही राज्याच्या पंचपरीक्षेला बसणार होतात, तो फॉर्म भरलाच नाहीत. आंतरशालेय मॅचला पुन्हा कधी शिट्टी वाजवली नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणालात, "ज्यांनी भरोसा ठेवला त्यांचंच नुकसान झालं ना माझ्या हातून?" मी तिथेच उभी होते. दोन शब्द बोलायचे होते, "सर, मी पडले." नाही बोलले. आणि जिंकून पुढे गेलो तिथे पहिल्याच मॅचला आमचा धुव्वा उडाला, हेही तुम्हाला माहीतच आहे.

मी पंचपरीक्षा पास झाले तेव्हा पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. तुम्ही आत जाऊन ती काळ्या दोरीची शिट्टी घेऊन आलात आणि माझ्या हातावर ठेवलीत. काकू चहा ओतत होत्या. तुम्ही सहज म्हणालात, "एक लक्षात ठेव. खरंच धडक लागलेला माणूस आधी जमीन बघतो, हात कुठे टेकू म्हणून. खोटं पडलेला आधी पंचाकडे बघतो." मी चमकून तुमच्याकडे बघितलं. पण तुमचा चेहरा साखर मागताना असावा तसा होता. मी स्वतःची समजूत घातली की हे सगळ्याच नव्या पंचांना सांगत असतील. चहा प्यायले, पाया पडले आणि घरी आले.

तुमची शिट्टी मी इतकी वर्षं वाजवते आहे. तुमची पद्धत मात्र कधी वापरली नाही. धीर झाला नाही.

परवाच्या रविवारी शाळांची मॅच होती. उत्तरार्धात एक चुणचुणीत मुलगी माझ्यासमोर पडली, मी शिट्टी वाजवली, आणि तिने पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे बघितलं. सर, माझा हात वर गेला होता तो तिथेच राहिला. कुणाचे तरी वडील मोबाइल नाचवत धावत आले, "मॅडम, हे बघा ना! लागलंच नाय तिला! सगळं रेकॉर्ड झालंय!" मला रेकॉर्ड बघायची गरजच नव्हती. मॅच संपली, आणि मी काय करते आहे हे कळायच्या आत दोन्ही संघांना नळाजवळ बसवलं. म्हणाले, "आज माझ्या दोन चुका झाल्या." दुसरी सांगताना जिचं नुकसान झालं तिच्याकडे बघितलं, आणि मग माझी नजर आपोआप त्या पडलेल्या मुलीकडे निघाली. ती खाली वाकून नाडी बांधत होती. सोडत होती, पुन्हा बांधत होती. मला कळलं की मी आत्ता तिच्याकडे बघितलं तर माझ्यामागोमाग सगळं मैदान तिच्याकडे बघेल. तो मोबाइलवाला बापसुद्धा. मी मान जबरदस्तीने वळवली आणि वर बघितलं. वर काय होतं म्हणाल तर नुसती टाकी.

तिथेच मला रडू फुटलं. मुलींना वाटलं मॅडमना चुकीचं वाईट वाटलं. मला फक्त एवढंच दिसत होतं की तुम्हाला तेव्हाच, त्याच क्षणी सगळं कळलं होतं. कळून तुम्ही ते आपल्या अंगावर घेतलंत, शिट्टी गेली तरी शेवटपर्यंत घेतलेलंच ठेवलंत, आणि वर ती शिट्टी मलाच दिलीत. एवढं मोठं माणसाला कसं होता येतं हो, सर? मला दोन दिवस हेच पडलं आहे. मी तर त्या मुलीसाठी एक मान वळवली, तर घरी येऊन आडवी झाले.

हे पत्र मी शिट्टीबरोबर किटबॅगेत ठेवून देणार आहे. मी पडले होते, मुद्दाम, पंधरा दिवस सराव करून, हे तुम्हाला माहीत होतं, त्यामुळे ती कबुली आता शिळी झाली. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसणार. जमिनीवरून मी तुमच्याकडे बघितलं ना, ते फाउल मिळाला का हे बघायला नव्हतं. शिट्टी तर मी ऐकली होती. चांगला पास दिला, बास्केट झाली की मी दर वेळी वळून तुमच्याकडे बघायचे, तशीच बघत होते. मी छान पडले का, तुम्हाला आवडलं का, एवढंच मला बघायचं होतं.