नकाशात नसलेल्या मावशी

प्रिय आई,

इथूनच पाया पडते; आशीर्वाद द्यायला उठू नकोस, पाय सांभाळ. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

मी काम करते त्या हॉस्पिटलात कोण कोणाला निरोप देतं, याचा आम्ही कॉम्प्युटरवर नकाशा केलाय; प्रत्येक माणसाला एक चौकोन. सोमवारी फोन, कॉम्प्युटर सगळं बंद पडलं. नकाशाप्रमाणे तासाभरात गोंधळ उडायला हवा होता. पण काहीच अडलं नाही! झाडूवाल्या मावशींना प्रत्येक खाटेवरचा पेशंट तोंडपाठ. त्याच निरोप पोचवत होत्या. मी थक्क झाले. नकाशात त्यांच्यासाठी चौकोनच नव्हता.

"मला कुठे काढणार? मी तर सगळीकडेच असते," त्या हसल्या.

मग आपल्या घराचा नकाशा काढला, तर मधोमध मीच! आई, तू पडलीस तेव्हा दार कोणी उघडलं, हे मी कधी विचारलंच नाही. कळव. त्या माणसासाठी एक चौकोन रिकामा ठेवलाय.

तुझीच,
लांबची लेक