चुन्याखालची तारीख

प्रिय बाबा,

आधी बातमी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पाकीट फोडतानाच घामाघूम व्हाल. खौला आत्याचं घर वाचलं! लाल नाही, हिरवी खूण मिळाली. आता अर्बिलच्या त्या तुमच्या लाडक्या खुर्चीत टेकून पुढचं वाचा.

लढाईत मोडलेली घरं तपासायचं आमचं प्रशिक्षण इथे मोसुलच्या जुन्या वस्तीत चालू आहे, हे तुम्हाला कळवलंच होतं. लाल खूण म्हणजे बुलडोझर. शिकवणारे झियादसाहेब बगदादचे. माणूस फार चांगला, पण त्यांचं सगळं पुस्तक काँक्रीटचं. सरावाला नेमकं आत्याचं घर निघालं. तुम्ही बांधलेल्या दगडी कमानीतली ती भेग पाहिली आणि आम्ही नऊच्या नऊ जणांनी लाल रंगाकडे हात नेला. हो, मीसुद्धा. रागवा हवं तर.

मग एकदम आठवलं, तुम्ही भेगेवर जिप्समची पट्टी लावून तिच्यावर तारीख कोरायचात. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकतेय, नाही तडकली तर ती स्थिरावली. झियादसाहेबांनी ऐकून घेतलं. "तीन आठवडे देतो," म्हणाले, "पण तोवर आत्यांनी आत पाऊल टाकायचं नाही." मी पट्टी लावली, तारीख कोरली, आत्याला शेजारी पोचवलं.

तीन आठवड्यांनी जाऊन बघतो तर कमान पांढरीशुभ्र! आत्यानं पट्टीसकट सगळ्यावर चुना फासला होता. "अगं, ईदचे पाहुणे येणार आणि भिंतीवर ते ठिगळ? लोक काय म्हणतील!" आत कशाला गेलीस, म्हणून मी ओरडले, तर वर मलाच म्हणते, "माझ्या घराला काय खिडकीतून चुना लावू?" झियादसाहेबांनी कपाळाला हात लावला. "हा धोका माझ्या पुस्तकात नाही," म्हणाले. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

शेवटी आत्यानंच चमचा आणून दिला. मी हळूहळू खरवडत गेले. आधी तारीख दिसली, मग अख्खी पट्टी. केसाएवढाही तडा नाही, बाबा! झियादसाहेबांनी ओळंबा सोडून पाहिला, दगडन्‌दगड ठोकून पाहिला आणि हिरवा डबा मागितला. आत्यानं जीभ फिरवून असा काही आनंदाचा गजर केला की सगळी गल्ली गोळा झाली. ईदच्या खजूरभरल्या क्लेचा बिस्किटांचं ताट माझ्यापर्यंत येईतो रिकामं!

परवा आम्हाला एक कागद भरायला दिला होता. तुमच्या शिकण्यात अजून काय कमी आहे? बाकीच्यांनी यंत्रं लिहिली. मी तुमचं नाव लिहिलं. काकाच्या दुकानात बसून "आता माझ्या कामाला कोण विचारतंय" असं आठ वर्षं म्हणताय ना? तर विचारलंय. आज उत्तर आलं. रविवारपासून नव्या तुकडीला दगड आणि जिप्सम शिकवायला उस्ताद म्हणून तुम्हाला बोलावलंय. झियादसाहेब स्वतः पहिल्या बाकावर बसणार आहेत. तुमची थापी आत्यानं घासून ठेवली आहे. घरी या, बाबा.

तुमचीच, वाट बघणारी,
रफल