चाकांना देवी

२१ नोव्हेंबर १९७२, नगर

दुसरा लॉटही परत. पुण्याच्या कंपनीच्या साहेबांनी प्रत्येक चाकावर खडूने फुली मारून पाठवलाय. मधू ट्रकमागे उभा राहून एकेक चाक स्वतः उतरवून घेत होता, नापास झालेल्या पोराला शाळेतून घरी आणावं तसा. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "दादा, तू तुझं वार्तापत्र लिही."

लिहिलं. पारनेरकडच्या विहिरी, तळ दिसणाऱ्या. पण लक्ष शेडमध्ये.

काम सांगायला सोपं. मोटारीची लोखंडी चाकं यायची, ती धुवायची, वाळवायची, पंपाने काळा रंग मारायचा आणि भट्टीत भाजायची. मधू याला प्रोसेस म्हणतो, मी होम. यजमान तो, ऋत्विज सखाराम पेंटर. फळ मात्र मिळत नाही. भट्टीतून चाक निघतं काळंभोर, तोंड दिसेल असं, आणि अंगावर मसुरीएवढे गोल खळगे. तळाशी उघडं लोखंड. चाकांना देवी आल्या आहेत, असं मी बोलून गेलो आणि जीभ चावली. सखारामच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण. तोच हसला.

"आवो दादा, आमी न्हाई मेलो देवीनं. चाकं बी न्हाई मरायची."

२३ नोव्हें.

मरतील असं दिसतं. साहेबांचा निरोप: तिसरा लॉट ते स्वतः इथे येऊन बघणार. खराब असला तर रंगवायची राहिलेली चाकंही ट्रकमध्ये घालून नेणार. म्हणजे शेडला कुलूप, आणि मधू पुन्हा मुंबईला, त्याच कारखान्यात. ज्यांना सांगून निघाला होता की नगरला स्वतःचं काढतो, त्यांच्यातच.

रात्री पान वाढलेलं तसंच ठेवून उठला. कुसुमने, त्याच्या बायकोने, ताटावर ताट झाकलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा. तेव्हाही असाच न जेवता उठायचा, मग मी संध्येच्या पळीने दूध पाजायचो. आता अडतीस वर्षांच्या माणसाला काय पाजावं.

कोडं असं की सप्टेंबरात नमुन्याची चाकं केली ती निर्दोष होती. त्यांच्यावरच तर काम मिळालं. तोच रंग, तीच भट्टी, तोच सखाराम. न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतात. इथे अग्नी ढळढळीत समोर आहे. बाकीचं काहीच दिसत नाही.

२५ नोव्हें., शनिवार

शिंगणापूर. मला तिकडच्या टँकरवर लिहायचं होतं, कुसुमला शनीला तेल घालायचं होतं. मधूची साडेसाती तिने पंचांगात शोधून काढलीय. मी म्हटलं, ती साडेसात वर्षं चालते, साहेब महिनाभरात येणार, दोघांची गाठ घालून देऊ. हसली नाही.

चौथऱ्यावर बायकांना जाता येत नाही, म्हणून तेल घालायला मी. ओलेत्याने जायचं. यंदा ओलं व्हायलाच पाणी नाही. विहिरीवरच्याने लोटाभर ओतलं, तेवढ्यात शुद्धी. गेल्या महिन्यापासून प्रत्येक शनिवारी हेच. ओघळलेल्या तेलातलं थोडं बाटलीत घेऊन या, असं ती दर वेळी सांगते. आणलं. पदराखाली धरून एस.टी.त बसली, तान्हं मूल धरावं तशी.

परतताना बाहेर बघत म्हणाली, "यांनी आजवर कुणाचं वाईट केलं नाही, दादा."



२७ नोव्हें.

मधूला वाटतं, दोष पाण्याचा. शेडमागची विहीर खाली गेली, पाणी मचूळ झालं. धुतल्यावर खार राहतो, तोच भट्टीत फुटतो. पटण्यासारखं आहे. त्याचे डोळे बऱ्याच दिवसांनी जरा उजळले. गोडं पाणी हवं.

गोडं पाणी म्हणजे आमच्या नळाचं, एक दिवसाआड येतं ते. कुसुमने सगळे हंडे-कळशा भरून हातगाडीवर शेडला पाठवल्या. आमच्यासाठी एक घागर. सध्या घरात माणसांना मार्जन आणि चाकांना अभ्यंग.

आज वार्तापत्र पाठवलं: टँकरच्या रांगेत एका हंड्यासाठी सकाळपासून उभ्या असलेल्या बायका. दोन वाक्यं बरी जमली होती. पाकीट टाकून आलो तर हातगाडी दारातून निघत होती. कुणाच्या नजरेला नजर न देता आत आलो.

३० नोव्हें.

खळगे. गोड्या पाण्याने धुतलेल्या चाकांनाही. तेवढेच, तसेच.

पाणी गेलं ते गेलंच.

१ डिसेंबर

मधूने सखारामला काढलं.

मी तिथे होतो. मधू म्हणाला, तुझ्या पंपात घाण असते, तुझा हात पहिल्यासारखा राहिला नाही, चित्त थाऱ्यावर नाही. आवाज चढवलाच नाही, ते जास्त लागलं. सखारामने पंप उघडून रॉकेलने धुतला, पुसला, फडक्यावर एकेक भाग मांडला. सगळा मांडून झाल्यावर म्हणाला, "मालक, घान दावा मला." मधू बघेना. मग टोपी घालून निघाला. जाताना मला एवढंच म्हणाला की काष्टीकडं रस्त्याचं काम निघालंय, खडी फोडायला मानसं घेत्यात.

मी मध्ये पडायला हवं होतं. पाठशाळेत वादात कुणाला हार गेलो नाही. आज नुसता फडक्यावरचा पंप बघत होतो.

कुसुम डबा घेऊन आली होती. दारात तशीच उभी.

३ डिसें.

आज मधूने स्वतः रंग मारला. चाकं स्वतः धुतली. दुपारी कुसुमने आणलेलं दोन घास जेवला, हात धुतले, पुन्हा कामाला. भट्टी उघडली आणि तो खाली बसला, जमिनीवरच.

खळगे. सखारामच्या हातचे तसेच, मधूच्या हातचेही.

त्याने एक चाक उचललं आणि भिंतीवर मारलं. चाकाला काही झालं नाही, भिंतीचा गिलावा पडला. मग म्हणाला, "दादा, मला यातलं काही येत नाही. मला वाटत होतं येतं." मी जवळ बसलो. त्याच्या हाताला कातडं भाजल्याचा वास. विलायतेत म्हणे आता ओला रंगच नको, कोरडी पावडर विजेने चिकटवून भाजतात, तो कधीतरी तसं करणार होता. आज त्याबद्दल बोलला नाही. मुंबईची गाडी किती वाजता असते, ते विचारलं. त्याला पाठ आहे.

रात्रभर झोप नाही. तो ओसरीवर येरझाऱ्या घालतो, मी अंथरुणात जागा. कुसुम देवापुढे. एका घरात तिघं, आणि प्रत्येक जण इतर दोघांना झोपलेलं समजून वागतोय.

५ डिसें.

मधू रॉकेल आणायला गेला होता. मी शेडमध्ये एकटा. दुसऱ्या लॉटपासूनची सगळी नासलेली चाकं भिंतीला टेकवून ठेवलीत, ती नुसता बघत बसलो. काही करता येत नाही, निदान बघावं.

आजवर आम्ही सगळे एकच चाक हातात घ्यायचो, शिव्या द्यायचो आणि खाली ठेवायचो. रांगेने कुणी पाहिली नव्हती. रांगेने पाहिलं तर खळगे वाटेल तिथे नाहीत. प्रत्येक चाकावर हवा भरायच्या भोकाजवळ. चार कमानीत, एक जरा खाली, बाजूला.

उठलो. एका चाकावर बोटं टेकवली. चार बोटं आणि अंगठा. जवळजवळ बसली. नीट बसेनात, कारण माझा पंजा मोठा. सखारामचा माझ्याहून मोठा, मधूचाही.

लहान हात. दुपारी, चाकं धुऊन वाळत असतात आणि सगळे मागच्या सावलीत जेवत असतात तेव्हा. सप्टेंबरात नमुने झाले तेव्हा कुसुम माहेरी राजूरला होती, आईच्या आजारपणात.

बाटली मीच आणून देत होतो.

तिथेच बसून राहिलो. मधू आला, म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. डिसेंबरात.

६ डिसें.

मधू बाहेर पडल्यावर स्वैपाकघरात गेलो. कुसुम रेशनवरच्या अमेरिकी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकऱ्या थापत होती. त्या लाल पिठाला चिकटपणा नाही, भाकरी कडेने फाटते, ती पुन्हा जोडते.

म्हटलं, "कुसुम, हात बघू."

पिठाचा हात पुढे केला. "पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगताय का?"

"नाही. मागे काय झालं ते."

सांगितलं. तेलाच्या थेंबावर रंग बसत नाही, बाजूला सरकतो, भट्टीत तिथेच भोक पडतं. मी तिला हे व्याख्यानासारखं सांगत होतो, माझं मलाच ऐकवेना. ती आधी म्हणाली, "प्रत्येकाला लावलंय, दादा. एकसुद्धा सोडलं नाही." अगदी अभिमानाने. मग तव्यावरची भाकरी जळू लागली, आणि तिने ती काढली नाही. मी काढली.

मग म्हणाली, "पहिला लॉट परत आला तेव्हा मला वाटलं, कमी पडतंय. मग मी पाचही बोटं बुडवायला लागले."

हाताचं पीठ काढता काढता: "सखारामला यांनी..."

 मी मधूला सांगितलं का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. मी सांगणारही नाही, तुला वाटलं तर तू सांग. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

मी उठलो तेव्हा म्हणाली, "आता नाही लावणार. पण नाही लावलं आणि चाकं चांगली निघाली, तर इतके दिवस मी देवाजवळ काय करत होते, दादा?"

सगळे पूर्वपक्ष शिकलो, सगळी उत्तरं पाठ केली.  म्हटलं, भाकरी वाढ.

७ डिसें.

काष्टीचा रस्ता. वार्तापत्रासाठी जायचंच होतं. सखाराम खडीच्या ढिगाजवळ, डोक्याला टॉवेल. बसा म्हणाला, दगड पुढे सरकवला. म्हटलं, तुझा हात खोटा नव्हता, मधूच्या हातूनही तेच झालं.

"ते मला ठावं हाय. हितं बरं हाय, दादा. दगड फुटतो न्हाईतर न्हाई फुटत. खळगं न्हाई पडत त्येला."

चल म्हटलं. हातोडी खाली ठेवली नाही.

"मालकानं सवता यावं."

घरी येऊन मधूला एवढंच सांगितलं. त्याने काष्टीची पहिली एस.टी. किती वाजता ते विचारलं.

८ डिसें.

मधू पहाटेच्या एस.टी.ने गेला आणि संध्याकाळी सखारामसह परत आला. काय बोलणं झालं ते मधूने सांगितलं नाही. सखारामने सांगितलं: काहीच झालं नाही. मालक शेजारी बसले, हातोडी घेतली आणि खडी फोडाया लागले. दोन-तीनदा बोटावर मारून घेतली. शेवटी मुकादम वरडला, ह्यो कोन नवा, ह्येचं नाव हजरीत न्हाई. "मग म्हनलं, चला आता, लाज जाती तुमची."

कुसुमने सखारामला चहा दिला. गुळाचा, पण पहिला कप त्याला. तो संकोचला, आधी मालकांना, म्हणाला. तिने कप मागे घेतला नाही.

९ डिसें., शनिवार

आज शिंगणापूर नाही. सकाळी कुसुमने बाटली पुढे केली नाही आणि मीही विचारलं नाही. सोमवारी साहेब.

चाकं काल रात्रीच मचूळ पाण्याने धुऊन ठेवली होती. गोडं पाणी घरातच राहिलं. आज दुपारी सगळे मागे जेवायला बसले तेव्हा मी भूक नसल्याचं निमित्त करून पुढेच थांबलो, चाकांजवळ, पहाऱ्यासारखा. मग माझी मलाच शरम वाटली. तिने शब्द दिलाय. तिच्यावर पहारा ठेवणारा मी कोण? मागे जाऊन जेवलो.

सखारामने रंग मारला. भट्टी बंद. मधू दारासमोर उकिडवा. कुसुम रिकामा डबा घेऊन घरी जायची ती गेली नाही. 

पाच वाजता उघडली. सखाराम आकड्याने एकेक चाक बाहेर काढून दांडीला टांगायचा, मधू वाकून बघायचा. पहिलं स्वच्छ. दुसरं. तिसऱ्यात मला माझं टक्कल दिसलं. मधूचे ओठ हलत होते, मोजत होता की काय कोण जाणे. सखारामने हळू शीळ घातली. 

शेवटून तिसरं चाक. हवा भरायच्या भोकाजवळ पाच खळगे.

मी कुसुमकडे पाहिलं. ती खाली बघत, मला ऐकू येईल इतकंच म्हणाली, "एकच, दादा. सगळीच देवाशिवाय कशी सोडू?"

अन्वय आणि व्यतिरेक. जिथे ते तिथे हे, जिथे ते नाही तिथे हे नाही. पाठशाळेत दोन वर्षं घोकलेलं तिने एका चाकावर सिद्ध करून ठेवलं. मला त्यात आनंद नव्हता.

सखाराम ते चाक पटकन बाजूला घेऊ लागला, घासून काढतो म्हणाला. मधू म्हणाला, राहू दे. गुडघ्यावर बसला. चाक अजून कढत होतं, म्हणून त्याने बोटं टेकवली नाहीत, वर धरली. चार कमानीत, अंगठा खाली. त्याची बोटं बाहेर जात होती. आपल्या हाताकडे बघत राहिला. मग सखारामच्या. मग माझ्या. मी हात पाठीमागे घेतले, का ते माहीत नाही.

मग मान वळवली.

"कुसुम, इकडे ये."

आवाज कसा होता ते लिहिता येत नाही. रागाचा नव्हता, पण मऊ होता असंही म्हणवत नाही. तिने डबा खाली ठेवला, दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि त्याच्याजवळ गेली.

सखाराम आणि मी बाहेर आलो. दार लोटून घेतलं.