ओल्या गोणपाटाखालचा घाणा

प्रिय बुद्धभूषण,

सप्रेम जय भीम. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अरे, तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर ठेवायला लावतात, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको आहे.

इथे उत्तरेतली लू सुरू झालीय, अंग भाजणारा गरम वारा. अलीगंजच्या आपल्या व्हरांड्यात आजोबांचा द्राक्षं पिळायचा घाणा नेहमीसारखा ओल्या गोणपाटाखाली आहे. लाकूड सुकलं की पट्ट्या आकसतात, कड्यांतून निसटतात. बाबांनी बदलीच्या प्रत्येक गावी तो असाच जपला. आता श्वास पुरत नाही, तरी पाण्याचा मग घेऊन उठतातच. मी ओरडते, पण ऐकतील तर शपथ. अगदी तुझ्यावर गेलेत.

तुला वाइनच्या घाण्याची लाज वाटायची, आठवतं? वर्गातल्या पोरांना तू उसाचा चरक म्हणून सांगायचास. निफाडकडे साहेबाच्या मळ्यात आजोबा त्याची दांडी फिरवत, आणि रस पाझरायला लागला की मुनीम त्यांना लांब उभं करायचा, पिंपाला विटाळ नको म्हणून. मळा मोडला तेव्हा आजोबांनी तो भंगारातून उचलून आणला. गेल्या वर्षी गावच्या विहाराच्या कमिटीने दारूची वस्तू म्हणून पंचशील पुढे करून घाणा ठेवून घ्यायला नकार दिला, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "दारू त्यांची होती. घाम आपला."

म्हणून गेल्या महिन्यात कमिटी तयार झाली असं तू कळवलंस, तेव्हा बाबा रडले रे. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून चौकात गेले आणि पितळी पाटीवर आजोबांचं नाव कोरून आणलं, आत्माराम. रोज पुसतात. विहारात कुठल्या भिंतीशी ठेवतील, तिथे उजेड येईल ना, असं मला विचारत बसतात.

आज तू ठरवलेला ट्रक आला. ड्रायव्हरला पत्ता विचारला, तर नाशिकजवळच्या कुठल्याशा रिसॉर्टचा. "दीदी, बार में सजेगा," म्हणाला बिचारा. ज्या दारूच्या पिंपाला आजोबांचा हात चालला नाही, तिच्याच शोभेला त्यांचा घाणा? आणि बाबांना विहार सांगितलंस? फार राग आलाय मला तुझा.

मी ट्रक परत पाठवला. बाबा भिंत धरत बाहेर आले, का पाठवला म्हणून विचारू लागले. तोंडातून निघून गेलं, की परक्याच्या हाती नको, बुद्धभूषण स्वतः न्यायला येतोय, विहारात स्वतःच्या हाताने ठेवणार आहे. बाबा हसले, आणि पुन्हा पाटी पुसायला बसले. तेव्हा आता तुला यावंच लागेल. कमिटीपुढे हात जोड, भांड, काहीही कर, पण हे खरं करून ये. नाहीच जमलं, तर बाबांना तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.

तू येईपर्यंत गोणपाट मी ओलं ठेवते.

तुझीच,
नीलमताई