वाचनालयात रुमालाखालची परीक्षा

मुक्काम घोडेगाव
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी (म्हणजे गावात माणसं कमी आणि शेण जास्त)

तीर्थस्वरूप आबासाहेब यांच्या चरणी राधाकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

आपला दमा आणि वहिनींचा राग, दोन्ही या थंडीत काबूत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. आपली भगिनी ठणठणीत आहे. मी आजारी असलो तरी ती ठणठणीतच असते. मागच्या पत्रात आपण पुन्हा माझ्या डोळ्यांची चौकशी केलीत. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर झाल्यापासून आपल्याला सगळं जगच अधू दिसू लागलं आहे, त्याला मी काय करणार? माझे डोळे उत्तम आहेत. (न्हाईत.)

पत्रास कारण की, घोडेगावच्या वाचनालयात सरकारी साहेबाला बैलासारखं विकायला काढलं, अशी बातमी नगरपर्यंत पोचल्याचं कळलं. बातमी खोटी आहे. सौदा झालाच नाही.

आपल्याला ठाऊकच आहे की दोन वर्षं मी वाचनालयात प्रौढांचा साक्षरता वर्ग चालवतो. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हापासून वर्ग दुपारी भरतो. पटावर चोवीस विद्यार्थी आहेत. (येतो आमी सातजण.) आमचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना ज्ञानाबद्दल फार आदर, इतका, की ते ज्ञानापासून कायम चार हात लांब उभे राहतात. त्यांचं पेंडीचं दुकान वाचनालयाला लागून आहे आणि पोती ठेवायला त्यांना जागा पुरत नाही. (पुस्तकं भिजली तर नुसती फुगतात, पेंड भिजली तर नासते, असा त्यांचा बिनतोड मुद्दा.) त्यांनी चार पंचांसमोर जाहीर केलं, की इन्स्पेक्टरसाहेब येतील त्या दिवशी त्यांच्यासमोर एका तरी माणसानं वाचून दाखवावं. नाहीतर वर्ग बंद, कपाटं मारुतीच्या ओट्यावर आणि खोलीत पेंड. अठरा वर्षं त्या खोलीत ग्रंथपाल म्हणून बसलेला मी कुठे जाणार, हे काही ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ओट्यावर जागा असेल, असं धरून चाललो.

माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. मी पुस्तकात बघून शिकवत नाही. बघून काय, कोणीही शिकवील. मध्यंतरी बिबीजान भर वर्गात म्हणाली, "मास्तर, पुस्तक उलटं धरलंया." आता, अक्षर कुठल्याही बाजूनं ओळखता आलं पाहिजे हा त्यातला हेतू तिच्या लक्षात आला नाही. (आला.) ही बिबीजान बैलबाजारात कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा विकते. तिचा एकुलता एक लेक नियाज पलटणीबरोबर आफ्रिकेत आहे. त्याचं पत्र आलं की पोस्टमन ते बाजारात उभा राहून वाचायचा, तेही असा गळा काढून, की गिऱ्हाईकं भाव करायची थांबायची. एक दिवस बाई तरातरा वाचनालयात आली आणि म्हणाली, "मास्तर, माझ्या लेकाचं पोट बिघडल्यालं आक्ख्या बाजाराला आदी कळतंय आन मला मागनं. मला वाचाय शिकवा." यापेक्षा चांगलं कारण घेऊन आमच्या वाचनालयात अजून कोणी आलेलं नाही. मी स्वतः तर नाहीच. मी पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून आलो होतो. (पंखा अजून यायचा आहे.)

तर साहेब आले. त्यांनी पहिला उठवला दिलावर. हा बैलांचा दलाल, गडी हुशार. साहेबांनी बाराखडीचं पान पुढे केलं आणि म्हणाले, "यात 'क' किती वेळा आलाय, मोजून सांग." दिलावरनं मनातल्या मनात बरोबर मोजलं. पण दलालाच्या जातीनं चारचौघांत आकडा तोंडानं उच्चारायचा नसतो. तो रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा असतो. त्यानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल साहेबांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. साहेबांना वाटलं, लाच. ते ताडकन उठले. साहेब उठले म्हणजे आकडा पटला नाही, असं दिलावरला वाटलं. तो कळवळून म्हणाला, "उटू नका सायेब, तुमचा आकडा तर सांगा!" दारातल्या गर्दीतून कोणी विचारलं, "किती मागतोय?" दुसरा म्हणाला, "दात बगा आदी!" आप्पासाहेब एवढे खूष झाले की त्यांनी जागेवरूनच खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मापली.

साहेब संतापले होते. त्यांनी आपलं वर्तमानपत्र माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, "निदान मास्तरांना तरी वाचता येतं का, ते बघू." शिकवणाऱ्यानंच वाचून दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. (दिसत नव्हतं.) मी वर्तमानपत्र बिबीजानकडे सरकवलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि बैल चढ चढतो तशी एकेक शब्द चढत गेली. बातमी आफ्रिकेतल्या लढाईची होती. एका गावाच्या नावापाशी बोट थांबलं. "सायेब," ती म्हणाली, "हितं आमचा नियाज हाय. फुडचं मी मनात वाचते."

आणि तिनं मनात वाचलं. बोट तळाशी पोचलं, तिनं वर्तमानपत्राची घडी घातली आणि डोक्यावरचा पदर नीट केला. "त्यो मुलूख आपल्या फौजेकडं आलाय," एवढंच म्हणाली.

साहेब म्हणाले, शंभर वर्ग तपासले, पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटले, मनात वाचणारं माणूस आज पाहिलं. वर्ग पास झाला. जाताना त्यांनी दिलावरपुढे हात केला आणि स्वतःच म्हणाले, "टाक रुमाल." आकडा बरोबर निघाला. आप्पासाहेबांची पेंड अजून अंगणात आहे आणि ते रोज आभाळाकडे बघतात.

आपला आज्ञाधारक,
राधाकृष्ण

ता. क. आपल्या डॉक्टरांकडे एखादा रोगी जुना चष्मा विसरून गेला असेल, तर सवडीनं पाठवावा. माझ्यासाठी नव्हे. एखाद्या विद्यार्थ्याला लागेल.

ता. क. दुसरा. सलाम. मी बिबीजान. मास्तर च्या प्यायला घरात गेल्यात. ह्ये पत्र त्यांनी सांगितलं, मी लिवलं. तीन दुपारी लागल्या. तोंडावर बोलता येत न्हाई ते कंसात घालावं, आसं त्यांनीच शिकवलंय, म्हनून कंसातलं काई त्यांचं हाय, काई माजं. चष्मा त्यांनाच पायजे, आन जुना नको. मंगळवारी दिलावर नगरला बैलं घेऊन यील, त्याच्या गाडीत मास्तरांना बसवून देते. पुस्तकं निवडाय जायचं हाय आसं त्यांना सांगितलंय. डाक्टरनं भितीवरची अक्षरं वाचाय सांगितली तर तत्त्वात बसत न्हाई म्हनतील. ऐकू नका. उत्तर माज्या नावानं टाका. मास्तरांना सांगायचं तेवडं वाचून दावीन. ऱ्हायलेलं मनात वाचीन.