तुमच्या बंधूंची सकाळची गोळी

गिरगाव, २० मे

तीर्थस्वरूप कमलवन्संना लीलाचा वाकून नमस्कार. देवगडला तुम्ही दोघं खुशाल असाल, भावोजींचा गुडघा निदान देवळाच्या पायऱ्यांपुरता तरी वाकत असेल. आंब्याची पेटी यंदा वेळेवर आली. (चार आंबे डागी होते, पण मी काही बोलत नाही.) हातात फोन असताना ही पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि तुमचे बंधू शेजारी कान लावून बसतात. पत्र कसं, मधे कुणाला तोडता येत नाही.

विषय तुमच्या बंधूंचाच आहे. गेली दोन वर्षं हा माणूस मंदावत चालला होता. चहाबरोबर सुटणारं शब्दकोडं दुपारच्या जेवणापर्यंत लांबलं. आवाज घोगरा झाला, तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं आणि भर एप्रिलमध्ये, गिरगावात, अंगात तो राखाडी लोकरी स्वेटर. (तुम्हीच विणलेला. दोन खिशांचा.) चर्नी रोड स्टेशन दहा मिनिटांवर, तर हे अर्ध्या तासाने पोचायचे आणि वाटेत तीनदा कठड्याला टेकायचे. मी आळशी म्हटलं, ऐदी म्हटलं, निवृत्त झाल्यावर पुरुषांची हाडं वितळतात असंही म्हटलं. ते सगळं आता मला रोज आठवतं आणि लाज वाटते. कारण फेब्रुवारीत हे जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर धाप लागून बसले ते उठेचनात, आणि पाय बघते तर घोट्यापर्यंत सुजलेले.

परळला नेलं. रक्त तपासलं, हृदयाचा इको काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी (तुमच्या भाचीच्या, उर्वीच्या वयाची असेल, पण बोलणं खणखणीत) नीट समजावलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काम करेनाशी झाली आहे. तिचा रस रक्तात उतरला नाही की हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हृदय फुगतं आणि रक्त जोरात ढकलू शकत नाही. म्हणून धाप, म्हणून सूज, म्हणून स्वेटरसुद्धा. बरं यात हे, की ग्रंथीचं काम गोळी करते आणि यांच्यासारख्याचं हृदय बरंच सावरू शकतं. मात्र गोळी रोज, पहाटे उठल्याबरोबर, अनशापोटी, पाण्याबरोबर. नंतर तासभर चहा नाही. आणि मात्रा हळूहळूच वाढवायची, कमजोर हृदयाला एकदम जास्त सोसत नाही.

तुमच्या बंधूंनी यातलं एवढंच ऐकलं, की हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के आहे. घरी आल्यावर त्यांनी चाळीत सांगितलं, पस्तीस म्हणजे पास. हृदयाचा आजार म्हटल्यावर मानही मिळाला. शहाळी आली, बसायला खुर्ची मिळू लागली. मग शेजारचे हितेंद्र (कुठल्याही आजारावर यांचं मत तयार असतं) रिपोर्ट चाळून म्हणाले, "चिंतामणी, थायरॉईड बायकांचा असतो रे. आमच्या हिला आहे ना, विचार." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात थायरॉईड हा शब्द उच्चारायला बंदी झाली.

त्यात तुमचा फोन आला. तुम्ही मोठ्या, तुम्हाला मी काय सांगणार. पण "ती गोळी एकदा लागली की जन्माची, चिंतू, तू तिच्या नादी लागू नकोस" असं तुम्ही म्हणालात ते मी भांडी घासताना स्पष्ट ऐकलं. पाठोपाठ चूर्णाचा डबाही आला. तरी मी रोज पहाटे गोळी तळहातावर ठेवत होते. हे ती तोंडात टाकायचे, वर पाणी प्यायचे, आणि चहासाठी तासभर असे कण्हत बसायचे की माझा पूर्ण विश्वास बसला. (नाटकात काम केलं असतं तर नाव झालं असतं.)

तीन महिन्यांनी, म्हणजे गेल्या सोमवारी, पुन्हा इको काढला. पस्तीसचे अठ्ठावीस झाले होते. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. गोळी पुरत नसेल म्हणून त्यांनी मात्रा वाढवून दिली. घरी आल्यावर मी यांच्या अंगातला स्वेटर जवळजवळ ओढून काढला आणि बादलीत टाकण्याआधी खिसे उलटे केले. एकोणसत्तर गोळ्या, वन्सं. लोकरीच्या गुंतवळ्यात अडकलेल्या. त्या वाढवलेल्या गोळीवर यांची उद्यापासून मर्जी बसली असती, तर थकलेल्या हृदयावर पहिल्याच दिवशी तिचा भार पडला असता. मी गोळ्या पिशवीत भरून तशीच परळला गेले. बाई मला दहा मिनिटं बोलल्या, यांना काही नाही. पुन्हा तळच्या मात्रेपासून सुरुवात करायची आहे. मी ओरडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. यांचं उत्तर एकच: "कमलताई नको म्हणाली." असो. भावोजींना नमस्कार. प्रकृतीस जपावे.

तुमची,
लीला

ता. क. चूर्णाचा दुसरा डबा पाठवू नका. पहिला मी अजून उघडलेला नाही.

ता. क. गेल्या गणपतीत मी देवगडला तुमच्याकडे होते. पहाटे चूल पेटवायला उठले, तर मागच्या पडवीत तुम्ही पांढऱ्या बाटलीतून एक बारीक गोळी काढून घेतलीत आणि जपाला बसते म्हणून तासभर चहाला शिवला नाहीत. तेव्हा मला कळलं नाही. आता तशीच बाटली आमच्या फडताळात आहे. किती वर्षं घेता ते विचारत नाही. एकही दिवस न चुकता असं बांधलं जाणं तुम्हाला किती जड गेलं असेल, आणि धाकट्या भावाला त्यात अडकवू नये असं का वाटलं असेल, तेही मला समजतं. मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पण यांना तुम्ही सांगा. पहाटे सहाला फोन करा आणि म्हणा, चिंतू, मी माझी घेतली, आता तू घे. वर मी कजाग आहे म्हणालात तरी चालेल. तीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. मला हे हवे आहेत, वन्सं.